सामाजिक संशोधनासाठी आकडेवारी कशी शोधावी : ऊसतोड स्थलांतराचे उदाहरण घेऊन

एम.ए.चा प्रबंध किंवा पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसलेला विद्यार्थी विषय पक्का होताच पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे 'यावरची आकडेवारी कुठे मिळेल?' हा प्रश्न स्वाभाविक असला तरी थोडा घाईचा आहे. आकडे आपल्या विषयासाठी कोणी गोळा करून ठेवलेले नसतात. ते कर आकारण्यासाठी, धान्य वाटण्यासाठी, मतदारसंघ आखण्यासाठी, एखाद्या योजनेचा निधी मागण्यासाठी किंवा लोकांच्या राहणीमानाचा अंदाज घेण्यासाठी जमवलेले असतात. त्यामुळे आपल्या विषयातील गोष्ट मोजण्याची गरज कोणाला पडली असेल, ती कोणत्या दिवशी आणि कोणत्या व्याख्येने मोजली असेल, याचा विचार आधी केला तर शोध निम्म्याने सोपा होतो.

हा लेख सामाजिक शास्त्रांत नव्याने संशोधन करणाऱ्यांसाठी आहे. स्रोतांची नुसती यादी देण्याऐवजी एकच विषय शेवटपर्यंत हाताशी धरला आहे : बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण. हा विषय मुद्दाम निवडला आहे, कारण त्यावरचा तयार तक्ता कोणत्याही एका अहवालात सापडत नाही, आणि म्हणूनच जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या स्रोताचे दार ठोठवावे लागते.

पायरी १ : प्रश्न मोजता येईल अशा रूपात लिहा

संगणक उघडण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : काय मोजायचे, कोणाचे, कोठे आणि कोणत्या काळातले. 'ऊसतोड कामगारांच्या मुलांची शैक्षणिक स्थिती' हे शीर्षक म्हणून ठीक आहे, पण त्यात मोजण्याजोगे काहीच नाही. '६ ते १४ वयोगटातील ज्या मुलांचे आईवडील गेल्या गळीत हंगामात जिल्ह्याबाहेर तोडीला गेले, त्यांपैकी किती मुले हंगामाच्या काळात शाळेत हजर होती' असे लिहिले की कोणते आकडे हवेत हे दिसू लागते.

एकक ठरवताना विशेष काळजी घ्यावी. ऊसतोडीच्या व्यवहारात मोजणी बहुधा कोयत्यांत होते. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे, आणि एक कोयता म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोची जोडी. वर्तमानपत्रांतील आणि निवेदनांतील आकडे कधी कोयत्यांचे असतात, कधी मजुरांचे, तर कधी कुटुंबांचे, आणि बातमीत हा फरक क्वचितच सांगितलेला असतो. ज्या आकड्याचे एकक कळत नाही तो प्रबंधात घेऊ नये, मग तो कितीही मोठ्या व्यक्तीच्या तोंडचा असो.

काळाचेही तसेच आहे. '२०२३-२४' असे लिहिलेले दिसले की सगळ्यांचे वर्ष एकच असेल असे वाटते. प्रत्यक्षात साखर हंगामाचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात, अर्थसंकल्पाचे एप्रिल ते मार्च, शाळेचे जून ते मे, कृषी वर्ष जुलै ते जून. आणि पीएलएफएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे वर्षही २०२४ पर्यंत जुलै ते जून होते. जी माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात, त्यांच्या बाबतीत वर्ष कोठे कापले आहे यावर सगळे अवलंबून असते.

पायरी २ : मोजणाऱ्याला ओळखा

भारतातील सामाजिक आकडेवारी ढोबळमानाने तीन वाटांनी तयार होते. एक म्हणजे संपूर्ण गणना, ज्यात प्रत्येक माणूस किंवा प्रत्येक घर मोजले जाते. दुसरी म्हणजे नमुना पाहणी, ज्यात शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या काही घरांवरून सर्वांचा अंदाज बांधला जातो. आणि तिसरी म्हणजे प्रशासनाच्या रोजच्या कामातून साठत जाणारी नोंद. पहिली खोलवर, अगदी गावापर्यंत जाते, पण थोडेच प्रश्न विचारते आणि फार दिवसांनी येते. दुसरी बारकाईने विचारते, पण जिल्ह्याच्या खाली गेली की डळमळते. तिसरी ताजी असते, पण तीत तेवढेच दिसते जेवढे कार्यालयाला दिसणे सोयीचे असते. नवख्या संशोधकाने या तिन्ही वाटा तपासाव्यात, आणि त्याही याच क्रमाने.

जनगणना

भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी सलग जनगणना होत आली, आणि २०११ ची जनगणना ही हाती असलेली शेवटची संपूर्ण गणना आहे. २०२१ ची लांबली. पुढच्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून हिमाच्छादित भाग वगळता तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातीचीही नोंद होणार आहे. ती सगळी हाती येईपर्यंत गावपातळीवरचा कोणताही अभ्यास २०११ पासूनच सुरू होतो, हे मान्य करूनच चालावे लागते.

जनगणनेच्या संकेतस्थळावरील डिजिटल ग्रंथालयात तक्ते मालिकांनुसार लावलेले आहेत. लोकसंख्येचे सर्वसाधारण तक्ते 'ए' मालिकेत, कामकऱ्यांचे 'बी' मालिकेत, सामाजिक आणि सांस्कृतिक तक्ते 'सी' मालिकेत आणि स्थलांतराचे 'डी' मालिकेत असतात. मातृभाषांचा तक्ता सी-१६ क्रमांकाचा. २०११ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे ८.३० कोटी होते आणि तेलुगूला मागे टाकून मराठी देशात तिसऱ्या स्थानावर आली, ही बहुचर्चित माहिती तेथूनच येते. दुसऱ्या राज्यांतील मराठी भाषकांवर काम करायचे असेल तर हाच तक्ता राज्यनिहाय उघडावा.

गावाच्या अभ्यासासाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. तिच्या पहिल्या भागात प्रत्येक गावातील शाळा, दवाखाना, पाण्याची सोय, रस्ता, बस यांची माहिती असते, तर दुसऱ्या भागात प्रत्येक गावाची लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामकरी यांची. यातील शब्दांच्या व्याख्या मात्र वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'साक्षरता दर' सात वर्षे आणि त्यावरील लोकसंख्येवर काढलेला असतो. 'मुख्य कामकरी' म्हणजे वर्षात सहा महिने किंवा अधिक काम केलेला आणि त्याहून कमी काम केलेला तो 'सीमांतिक'. तसेच जे गाव कायद्याने नगरपालिका नाही, पण ज्याची लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि ज्यातील किमान ७५ टक्के पुरुष मुख्य कामकरी शेतीबाहेर आहेत, ते जनगणनेच्या लेखी शहर ठरते. एखादे गाव २००१ मध्ये ग्रामीण आणि २०११ मध्ये नागरी दिसले तर तेथे नगरपालिका आली असेलच असे नाही.

आता आपल्या विषयाकडे. २०११ ची लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. फेब्रुवारीत गळीत हंगाम भरात असतो. बीड, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी या तालुक्यांतील तोडणीला गेलेली कुटुंबे त्या वेळी सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर किंवा कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालून राहत असतात. जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या संपूर्ण काळात घरापासून दूर असलेला माणूस घरी मोजायचा नाही, जेथे सापडेल तेथे मोजायचा. म्हणजे गावाच्या पुस्तिकेतील लोकसंख्या ही हंगामातील रिकाम्या गावाची असण्याची शक्यता मोठी, आणि त्या गावातील ०-६ वयाची मुले, कामकरी स्त्रिया, घरांची संख्या या सगळ्यांवरून काढलेली गुणोत्तरेही त्या दिवसांचीच.

'डी' मालिका उघडून 'रोजगारासाठी स्थलांतर' असा स्तंभ दिसला की प्रश्न सुटला असे वाटते. पण तेथे जन्मस्थान आणि पूर्वीचे राहण्याचे ठिकाण या दोन कसोट्यांवर स्थलांतर ठरते, आणि त्यांचा रोख एकदा जाऊन स्थिरावणाऱ्या माणसावर आहे. दरवर्षी जाऊन परत येणाऱ्यासाठी ती रचनाच नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर या तक्त्यांत विवाह हे कारण इतके मोठे असते की बाकीची कारणे त्याखाली झाकली जातात. हे तक्ते मुंबई-पुण्यात आलेल्या लोकसंख्येच्या अभ्यासाला उत्तम आहेत. ऊसतोडीसाठी ते पार्श्वभूमीपुरते वापरावेत.

नमुना पाहण्या

राष्ट्रीय नमुना पाहणीची सुरुवात १९५० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने झाली. २०१९ पासून ती राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा भाग आहे. तिच्या प्रत्येक फेरीला क्रमांक असतो आणि प्रत्येक फेरीचा विषय वेगळा असतो, त्यामुळे 'एनएसएसचा आकडा' असे मोघम म्हणण्यात अर्थ नाही. फेरी, अनुसूची आणि कालावधी सांगावा लागतो.

आपल्या विषयासाठी ६४ वी फेरी, जुलै २००७ ते जून २००८, महत्त्वाची आहे. तीत अल्पकालीन स्थलांतर स्वतंत्रपणे विचारले होते : गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी किंवा कामाच्या शोधात एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांहून कमी काळ गावाबाहेर राहिलेली व्यक्ती. त्याआधीच्या ५५ व्या फेरीत, १९९९-२००० मध्ये, खालची मर्यादा एक महिन्याऐवजी ६० दिवसांची होती. म्हणून या दोन फेऱ्यांमधील वाढ किंवा घट जशीच्या तशी मांडणे चूक ठरेल. त्याहून नाजूक बाब वरच्या मर्यादेची आहे. पाऊसपाणी चांगले झाले, ऊस भरपूर असला आणि कारखाने लांबले, तर एखादी टोळी सहा महिन्यांच्या पुढेही बाहेर राहते आणि या व्याख्येतून निसटते. म्हणजे ज्या वर्षी स्थलांतर सर्वांत लांबते त्या वर्षी ते तक्त्यात कमी दिसू शकते! एखाद्या पाहणीची प्रश्नावली आणि प्रगणकांना दिलेल्या सूचना आकड्यांच्या आधी वाचाव्यात असे जे सांगितले जाते, ते अशा जागांसाठी. पुढे २०२०-२१ च्या पीएलएफएसमध्येही स्थलांतराचे प्रश्न होते, पण ते वर्ष कोविडचे असल्याने त्याची तुलना जपून करावी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही दुसरी मोठी खाण. तिची जबाबदारी मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे आणि १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ अशा तिच्या पाच फेऱ्यांचे अहवाल उपलब्ध आहेत. चौथ्या फेरीपासून जिल्हानिहाय अंदाज मिळू लागले, त्यामुळे बीडची किंवा उत्तर गोव्याची माहितीपत्रिका स्वतंत्रपणे उतरवून घेता येते. बालविवाह, मुलांचे पोषण, स्त्रियांचे आरोग्य, घरातील निर्णयांत त्यांचा वाटा यांसाठी हिच्याइतका व्यापक स्रोत नाही. पाचव्या फेरीवर '२०१९-२१' असे वर्ष असले तरी महाराष्ट्र आणि गोवा पहिल्या टप्प्यात होते आणि तेथील काम टाळेबंदीच्या आधीच झाले. ज्या राज्यांचे काम टाळेबंदीनंतर पूर्ण झाले त्यांच्याशी महाराष्ट्राची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

जात, उत्पन्न, कर्ज, शिक्षण आणि सामाजिक संबंध एकाच घराच्या संदर्भात पाहायचे असतील तर भारतीय मानव विकास पाहणीकडे वळावे. तिच्या २००४-०५ आणि २०११-१२ अशा दोन फेऱ्या खुल्या आहेत, आणि दुसऱ्या फेरीत बहुतेक घरे तीच असल्यामुळे एकाच कुटुंबात काय बदलले हे पाहता येते. मुलांना प्रत्यक्ष वाचता आणि गणित करता येते का, हे 'प्रथम'शी संलग्न असलेली 'असर' पाहणी २००५ पासून ग्रामीण भागात तपासत आली आहे. ही पाहणी शाळेत नव्हे तर घरी जाऊन होते, आणि हाच तिचा मोठा गुण आहे.

जिल्ह्याचा मोह येथे आवरावा लागतो. नमुना पाहणीच्या घटक-स्तरीय माहितीत, म्हणजे प्रत्येक घराच्या आणि व्यक्तीच्या स्वतंत्र नोंदींत, बीडचा संकेतांक दिसला की लगेच बीडची टक्केवारी काढावीशी वाटते. पण त्या जिल्ह्यातून निवडलेल्या घरांची संख्या आधी मोजावी. ती थोडी असेल तर टक्केवारीला अर्थ उरत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने महाराष्ट्राचे सहा प्रदेश केले आहेत आणि त्यांत मराठवाडा स्वतंत्र प्रदेश म्हणून येतो. जिल्ह्याऐवजी या प्रदेशाचा अंदाज देणे अधिक प्रामाणिक ठरते.

प्रशासकीय नोंदी

शाळांसाठी यू-डायस ही देशव्यापी नोंद आहे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी संकेतांक असतो आणि पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती त्याखाली मिळते. मात्र या नोंदीचा संदर्भ दिवस परंपरेने ३० सप्टेंबर हा राहिला आहे, आणि बीडच्या वाड्यावस्त्यांवरील मुले त्या दिवशी गावातच असतात. त्यानंतर महिनाभरात ती आईवडिलांबरोबर निघून गेली तरी पटावर त्यांचे नाव राहते. पट पूर्ण, वर्ग अर्धा, अशी स्थिती यू-डायसमध्ये दिसणारच नाही. शिवाय २०२२-२३ पासून शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी विद्यार्थ्याची वैयक्तिक नोंद घेतली जाऊ लागल्याने त्याआधीच्या पटसंख्येशी थेट तुलना करता येत नाही. त्या वर्षी दिसणारी घट सगळीच्या सगळी शाळाबाह्य मुलांची समजू नये.

ऊसतोडीच्या बाजूने पाहिले तर पुण्यातील साखर आयुक्तालयाकडे कारखानानिहाय गाळप, साखर उतारा आणि हंगामाचे दिवस यांची नोंद असते. त्यात मजूर मोजलेले नसतात, पण हंगाम किती लांबला हे कळते, आणि वर सांगितलेल्या सहा महिन्यांच्या मर्यादेचा प्रश्न तपासायला हीच माहिती लागते. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी झालेली कामगारांची नोंदणी, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडील हंगामी वसतिगृहांतील मुलांच्या याद्या, आणि स्थलांतरित मुलांना दिलेली शिक्षण हमी कार्डे, अशा तीन नोंदी जिल्ह्यातच मिळण्याजोग्या आहेत. यांतील प्रत्येक नोंदीचा हेतू लाभ देणे हा आहे. लाभ न मागणारा, कागदपत्रे नसलेला किंवा नोंदणीच्या दिवसांत कर्नाटकात असलेला माणूस तीत नसतो.

पायरी ३ : राज्याच्या आणि जिल्ह्याच्या दाराशी जा

अनेक विद्यार्थी दिल्लीच्या संकेतस्थळांवर बराच काळ घालवतात आणि आपल्याच जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात एकदाही जात नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या नियोजन विभागाखाली अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. अर्थसंकल्पाआधी मांडली जाणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' त्याचीच. प्रत्येक जिल्ह्यासाठी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे प्रकाशन असते, तेही मराठीत. त्यात तालुकानिहाय पाऊस, पीकक्षेत्र, सिंचन, शाळा, बँका, सहकारी संस्था, रस्ते असे बरेच काही एकत्र मिळते. गोव्यात हेच काम नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालय करते.

समालोचनाचा खरा उपयोग आकड्यांपेक्षा तक्त्याखालच्या बारीक ओळीत आहे. तेथे आकडा कोणत्या कार्यालयाने दिला हे लिहिलेले असते. ती ओळ धरून मूळ कार्यालयात गेले, तर तालुक्याऐवजी गावाची नोंद, किंवा एका वर्षाऐवजी अनेक वर्षांची मालिका मिळू शकते. सोबत मार्गदर्शकांचे किंवा विभागप्रमुखांचे पत्र न्यावे, नेमका कोणता तक्ता आणि कोणती वर्षे हवीत हे त्यात लिहावे, आणि 'ऊसतोड कामगारांबद्दल सर्व माहिती द्यावी' असे कधीही लिहू नये. मोघम मागणीला मोघम नकार मिळतो.

विनंतीने काम झाले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे तीस दिवस. हा कायदा अस्तित्वात असलेली नोंद देण्याचा आहे; तुमच्यासाठी नवे वर्गीकरण करून द्या असे त्याखाली सांगता येत नाही. म्हणून आधी कार्यालयात कोणत्या नोंदवह्या आणि कोणते विवरणपत्र नमुने ठेवले जातात हे विचारून घ्यावे, आणि अर्जात त्याच नमुन्याचे नाव घालून त्याची प्रत मागावी.

पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून काम करते आहे आणि तिच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जुने अहवाल, गॅझेटियर आणि जनगणनेचे खंड आहेत. त्यांपैकी पुष्कळ डिजिटल रूपातही पाहता येतात. राज्यांची दीर्घ मालिका एकत्र हवी असेल तर रिझर्व्ह बँकेचे राज्यांविषयीचे वार्षिक सांख्यिकी प्रकाशन विनामूल्य आहे, तर मुंबईच्या ईपीडब्ल्यू रिसर्च फाउंडेशनची कालमालिका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वर्गणी भरली असेल तर वापरता येते. ग्रंथपालांना विचारण्याचा संकोच करू नये. वर्गणी भरलेली असूनही कोणी वापरत नाही असे बऱ्याच ठिकाणी घडते.

पायरी ४ : माहिती उतरवून घेताना आणि उघडताना

राष्ट्रीय नमुना पाहणीची घटक-स्तरीय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळते, आणि जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'ई-सांख्यिकी' या संकेतस्थळावर तयार मालिका पाहता येतात. उतरवून घेताना आकड्यांच्या फायलीबरोबर प्रश्नावली, प्रगणकांसाठीच्या सूचना, फायलीची मांडणी सांगणारा तक्ता आणि मुख्य अहवाल या चार गोष्टी त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. जुन्या फेऱ्यांच्या फायली नुसत्या अंकांच्या लांबच लांब ओळी असतात. कोणत्या स्थानापासून कोणत्या स्थानापर्यंतचे अंक वय सांगतात आणि कोणते शिक्षण, हे मांडणीचा तक्ता नसेल तर कोणालाही कळणार नाही.

पुढची गोष्ट भारांकाची. निवडलेले प्रत्येक घर सारख्याच संख्येच्या घरांचे प्रतिनिधी नसते, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत गुणक, म्हणजेच भारांक, दिलेला असतो. तो न लावता काढलेली टक्केवारी ही फक्त नमुन्याची टक्केवारी असते, महाराष्ट्राची नव्हे. गुणक वापरण्याची रीत फेरीनुसार बदलते. काही फेऱ्यांत तो शंभराने किंवा दोनशेने भागायचा असतो, आणि कुटुंब आरोग्य पाहणीतील भारांक दहा लाखांनी. हे सगळे सोबतच्या सूचनांत लिहिलेले असते.

आपण बरोबर मार्गावर आहोत का हे तपासण्याचा एक खात्रीचा उपाय आहे. स्वतःच्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी अहवालात छापलेला एखादा साधा आकडा, उदाहरणार्थ ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांचा कामातील सहभाग दर, आपल्या फायलीतून स्वतः काढून पाहावा. तो छापील आकड्याशी जुळला तर फाईल नीट वाचली गेली आणि गुणक नीट लागला असे समजावे. जुळला नाही तर पुढे जाऊ नये. हे काम 'आर' या विनामूल्य प्रणालीत करता येते. एक्सेलमध्ये लाखो ओळी उघडण्याचा हट्ट धरू नये.

पायरी ५ : दोन काळ, दोन जिल्हे, दोन नावे जोडताना

१९७१ चा उस्मानाबाद जिल्हा आणि २०११ चा उस्मानाबाद जिल्हा हे दोन वेगळे भूभाग आहेत, कारण १९८२ मध्ये त्यातून लातूर वेगळा झाला. १९८१ मध्ये औरंगाबादमधून जालना आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग, १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार आणि अकोल्यातून वाशीम, १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया, आणि २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर निघाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत, आजच्या कोष्टकात ३६. तुलना करायची तर नवे जिल्हे परत जुन्यात मिसळून एकच सीमा धरावी लागते. ठाणे आणि पालघर यांची बेरीज केल्याशिवाय २०११ च्या ठाण्याशी काहीही जुळणार नाही.

नावे बदलली की संगणकाची जोडणी तुटते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आहे. बीडचे रोमन लिपीतील स्पेलिंग जनगणनेत एक आणि इतर बऱ्याच ठिकाणी दुसरे आहे. म्हणून नावांवर जोडणी न करता संकेतांकांवर करावी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि बीडचा ५२३ आहे. गावांची जोडणी १९९१ पासून पुढे करायची असेल तर 'श्रग' या खुल्या माहितीसंचात जनगणना आणि आर्थिक गणना यांची गावे आधीच जुळवून ठेवलेली आहेत, आणि त्यामुळे अनेक महिन्यांचे काम वाचते.

स्वातंत्र्यापूर्वी मागे जाणाऱ्याला आणखी एक वळण घ्यावे लागते. आजचा महाराष्ट्र त्या खंडांत एकत्र सापडत नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई इलाख्याच्या खंडांत, विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडच्या खंडांत आणि मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या खंडांत आहे. बीडची १९३१ मधील जातवार लोकसंख्या हवी असेल तर हैदराबादचा खंडच उघडावा लागतो. सर्व जातींचे तक्ते छापली गेलेली ती शेवटची जनगणना.

पायरी ६ : दोन स्रोतांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा

हे प्रत्येकाच्या वाट्याला येते, आणि बहुतेक जण त्यातला सोयीचा आकडा उचलतात. त्याऐवजी फरक कोठून आला हे शोधावे. कित्येकदा प्रबंधाचे सर्वांत चांगले प्रकरण तेथेच तयार होते. शेतकरी आत्महत्यांचे उदाहरण महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पोलिसांच्या नोंदींवरून आकडे देतो आणि २०१४ पासून शेतकरी व शेतमजूर यांची वेगळी नोंद करतो. महसूल विभागाची यादी मदतीसाठी असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते आणि त्यात जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणाचे होते, हे पाहिले जाते. सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री, बटाईने शेती करणारा किंवा भूमिहीन मजूर या दोन यादींत वेगवेगळ्या जागी पडतो. दोन्ही आकडे आपापल्या हेतूपुरते बरोबर असू शकतात. आपण कोणता घेतला आणि का, हे लिहिणे बंधनकारक समजावे.

गुन्ह्यांच्या आकडेवारीत आणखी एक नियम आहे : एका प्राथमिक माहिती अहवालात अनेक कलमे असली तरी त्यातील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. खुनासोबत घडलेला बलात्कार त्यामुळे पूर्वी खुनाच्या रकान्यात जात असे. वाढलेला आकडा गुन्हे वाढल्याचा असू शकतो, तसाच तक्रार करण्याचे धैर्य वाढल्याचाही.

पायरी ७ : नोंद ठेवा

प्रत्येक आकड्यापुढे तक्ता क्रमांक, प्रकाशनाचे वर्ष, संकेतस्थळावरून उतरवल्याची तारीख आणि फायलीचे मूळ नाव लिहावे. उतरवलेली मूळ फाईल कधीही बदलू नये. काम तिच्या प्रतीवर करावे. संकेतस्थळे बदलतात, तक्ते हलतात, आणि कधी संपूर्ण व्यवस्थाच थांबते. कुटुंब आरोग्य पाहणीची घटक-स्तरीय माहिती जगभरातील संशोधक अमेरिकी निधीवर चालणाऱ्या एका कार्यक्रमातून घेत असत. तो निधी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाल्यावर अनेकांची कामे अडली.

पायरी ८ : शोध कोठे थांबवायचा

ऊसतोडीच्या विषयात एवढे सगळे पाहून झाल्यावर हातात काय उरते ते मोजून पाहू : गावाची २०११ ची मूळ रूपरेषा, मराठवाडा प्रदेशातील अल्पकालीन स्थलांतराचा जुना अंदाज, शाळांचा सप्टेंबरचा पट, कारखान्यांच्या हंगामाचे दिवस आणि वसतिगृहांच्या याद्या. हंगामात प्रत्यक्ष वर्गात किती मुले होती, हे यांपैकी कोठेही नाही. येथे दुय्यम स्रोतांचा शोध थांबवून स्वतःची पाहणी आखावी.

ती आखतानाही वरचे स्रोत कामाला येतात. गावांची निवड जनगणना पुस्तिकेतील यादीवरून यदृच्छ पद्धतीने करावी, म्हणजे ओळखीच्या गावांत फिरून निष्कर्ष काढल्याचा आक्षेप राहत नाही. स्थलांतराचा प्रश्न ६४ व्या फेरीच्याच शब्दांत विचारावा, म्हणजे तुलना करता येईल. मात्र सहा महिन्यांची वरची मर्यादा काढून किती दिवस बाहेर होते ते दिवसांत विचारावे, म्हणजे हवी तेव्हा ती मर्यादा पुन्हा लावता येईल आणि निसटणारी माणसेही हाती राहतील. शाळेत दोनदा जावे, एकदा सप्टेंबरअखेर आणि एकदा जानेवारीत, आणि दोन्ही वेळा हजेरीपटाबरोबर वर्गातील डोकी मोजावीत. कुटुंबांना मात्र ती परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये भेटावे. त्या दिवसांत गावात लग्नसराई असते, माणसे घरी सापडतात, आणि मुकादमाशी झालेला हिशेबही ताजा असतो. अंगणवाडी सेविकांकडची घरांची यादी सोबत असली तर कोणते घर अजून परतले नाही हेही कळते, आणि ती घरे वगळून टाकण्याऐवजी त्यांची वेगळी नोंद ठेवता येते.